स्टुडिओतले सरकारी वकील

खऱ्या कोर्टात नाट्य थोडं आणि खोळंबा फार. वकील हरकत घेतात, न्यायाधीश दोन्ही बाजूंना जवळ बोलावून दबक्या आवाजात काहीतरी सांगतात, मध्येच ज्यूरीला बाहेर पाठवलं जातं. पाहणाऱ्याला यातलं काय कळणार? अमेरिकेत १ जुलै १९९१ रोजी ‘कोर्ट टीव्ही’ ही केबल वाहिनी सुरू झाली, ती हे समजावून सांगणारी माणसं घेऊनच. संस्थापक स्टीव्हन ब्रिल मूळचे पत्रकार. पडद्यावरचा प्रमुख चेहरा होता फ्रेड ग्रॅहम यांचा. ते स्वतः कायदा शिकलेले, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘सीबीएस’साठी सुप्रीम कोर्टाचं वार्तांकन केलेले. ऐकीव पुरावा का चालत नाही, अमुक प्रश्नाला हरकत का मान्य झाली, हे शांतपणे उलगडून सांगणं ही त्यांची हातोटी.

कॅमेरा कोर्टात शिरला तोही सहजासहजी नाही. टेक्सासमधल्या एका खटल्यात टीव्हीच्या गोंधळामुळे आरोपीवर अन्याय झाला, असं म्हणत सुप्रीम कोर्टाने १९६५ मध्ये शिक्षा रद्द केली होती. पुढे १९८१ मध्ये फ्लोरिडाच्या प्रकरणात त्याच कोर्टाने राज्यांना प्रक्षेपणाची मोकळीक दिली. स्वतःच्या दालनात मात्र ते आजही कॅमेरा येऊ देत नाही.

मग आला माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनवरचा खुनाचा खटला. १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या त्या कोर्टातलं चित्र सगळ्याच वाहिन्यांना मिळत होतं. वेगळेपण दाखवायचं तर स्टुडिओतच. वकिलांची मागणी एकदम वाढली. ‘सीएनएन’ने ग्रेटा व्हॅन सस्टरेन आणि रॉजर कॉसॅक या दोन वकिलांना ‘बर्डन ऑफ प्रूफ’ हा कार्यक्रम दिला. खर्चाच्या दृष्टीनेही हा प्रकार वाहिन्यांना परवडणारा होता: एक टेबल, दोन-तीन वकील आणि रोज आपोआप पुढे सरकणारं कथानक.

१९९७ मध्ये ‘कोर्ट टीव्ही’ने सिम्पसनचे वकील जॉनी कॉक्रन यांच्याशेजारी अटलांटाच्या माजी सरकारी वकील नॅन्सी ग्रेस यांना बसवलं. माझ्या मते ही मांडणी सर्वांत न्याय्य होती, कारण एकाच्या प्रत्येक वाक्याला दुसरा तिथेच छेद देऊ शकत होता. दुर्दैवाने ती टिकली नाही. कॉक्रन कार्यक्रम सोडून गेले, ग्रेस राहिल्या.

ग्रेस यांच्या तळमळीवर मला शंका नाही. १९७९ मध्ये त्यांच्या नियोजित वराचा खून झाला, आणि त्यानंतरच त्या कायद्याकडे वळल्या. पण १९९७ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांनी सरकारी वकील म्हणून चालवलेल्या एका खून खटल्यातली शिक्षा रद्द करताना त्यांच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले होते. स्टुडिओत ताशेरे ओढायला न्यायाधीशच नसतो. २००५ ते २०१६ अशी अकरा वर्षं ‘हेडलाइन न्यूज’वर त्यांचा कार्यक्रम चालला. ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस खेळाडूंवर २००६ मध्ये बलात्काराचा आरोप झाला, तेव्हा त्यांनी तो खराच धरला. पुढच्या वर्षी नॉर्थ कॅरोलिनाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी ते खेळाडू निर्दोष असल्याचं जाहीर केलं.

केसी अँथनीच्या खटल्यात स्टुडिओ आणि कोर्ट यांच्यातली दरी सगळ्यांना दिसली. मुलीच्या खुनाचा आरोप असलेल्या या आईला ग्रेस यांच्या कार्यक्रमाने कधीच दोषी ठरवलं होतं. ओर्लँडोत निष्पक्ष माणसं सापडणं अवघड, म्हणून ज्यूरी दुसऱ्या काउंटीतून आणली गेली आणि खटला संपेपर्यंत हॉटेलात, बातम्यांपासून दूर ठेवली गेली. ५ जुलै २०११ रोजी तिने अँथनीला खुनाच्या आरोपातून मुक्त केलं. पोलिसांशी खोटं बोलल्याचं तेवढं सिद्ध झालं. लोक इतके खवळले की ज्यूरीतल्या सदस्यांची नावं न्यायाधीशांनी काही महिने जाहीर होऊ दिली नाहीत. त्या बारा जणांनी फक्त साक्षीपुरावा ऐकला होता. तीन वर्षं चाललेला रात्रीचा कार्यक्रम त्यांच्यापुढे पुरावा म्हणून आलाच नव्हता.

‘कोर्ट टीव्ही’ २००८ मध्ये नाव बदलून करमणुकीकडे वळली आणि २०१९ मध्ये नव्या मालकीखाली जुन्या नावाने परतली. तोवर स्पर्धा यूट्यूबवर गेली होती. २०२२ मध्ये व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स इथे जॉनी डेप आणि अँबर हर्ड यांचा बदनामीचा दावा चालला, तेव्हा कित्येक वकील आपापल्या चॅनेलवरून दिवसभर थेट भाष्य करत होते. त्यातल्या काहींनी प्रत्येक हरकतीमागचा नियम ग्रॅहम यांच्याइतक्याच आस्थेने समजावला. काहींनी पहिल्या दिवसापासूनच बाजू घेतली. या खटल्याच्या ज्यूरीला मात्र हॉटेलात ठेवलं नव्हतं. बाहेरचं काही पाहू-वाचू नका, अशी सूचना घेऊन ती माणसं रोज संध्याकाळी आपापल्या घरी जात होती.