खुर्ची रिकामी झाल्यावर

लालबागमधले कितीतरी दातांचे दवाखाने इमारतींच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात आहेत. रस्त्याकडे दार, मागे जमलीच तर खिडकी, मधे खुर्ची. २०२०च्या मे महिन्यात, कोविडच्या साथीत, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी सूचना काढल्या. रेड झोनमध्ये फक्त तातडीचे उपचार, कंटेनमेंट झोनमध्ये दवाखाना बंद. मुंबई तेव्हा रेड झोनमध्येच होती. दातदुखीला झोन कुठला कळणार?

खरी धास्ती दात कोरणाऱ्या एअरोटरची. मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारी ती बर, दात तापू नये म्हणून तिच्यावर पाण्याचा फवारा. त्यात लाळ, कधी रक्त मिसळतं. जड थेंब खाली बसतात, बारीक तुषार हवेत राहतात. शिवाय पेशंटला मास्क काढावाच लागतो.

त्या दिवसांत रूट कॅनालसाठी गेले, तेव्हा आधी बेटाडीनच्या गुळण्या झाल्या. एसी बंद, खिडकी सताड उघडी, एक्झॉस्ट चालू. दाताभोवती रबर डॅम बसवलेला, म्हणजे लाळ फवाऱ्यात मिसळायलाच नको. पीपीई किटमध्ये घामाघूम झालेल्या डॉक्टरांचं काम सगळ्यांना दिसतं. माझी नजर मात्र नंतर बाहेर बसल्या बसल्या काचेपलीकडच्या मदतनीस ताईंवर खिळली.

त्यांनी आधी हँडपीसमधून अर्धा मिनिट नुसतं पाणी सोडलं, नळीत मागे शिरलेलं बाहेर पडावं म्हणून. मग जाड रबरी हातमोजे चढवून हत्यारं पाण्याखाली धरूनच ब्रशने घासली, शिंतोडे उडू नयेत अशी. "रक्त चिकटून राहिलं ना, तर वाफेचा उपयोग नाही," त्या म्हणाल्या. कोरडी करून पाउचमध्ये घातली, ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली. १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. पाउचवरची खूण काळपट झाली तरच सायकल चालली म्हणायची. तेवढ्यात खुर्ची, दिव्याची मूठ, ट्रे पुसून झाले. मुठीवरची प्लास्टिकची पट्टी प्रत्येक पेशंटला नवी. एक टक्का हायपोक्लोराइट लावून दहा मिनिटं तसंच ठेवायचं. धातूला मात्र ते खातं, तिथे स्पिरिट. पुढच्या पेशंटला आत घ्यायची घाई कोणीच केली नाही.

हा वेळ बिलात दिसत नाही. किटचे जादा पैसे कशाला, म्हणून शेजारी बसलेले काका हुज्जत घालत होते. मला तो वाद पटला नाही. ताईंच्या त्या अर्ध्या तासाचा पगार, पाउच, हातमोजे यांचे पैसे कुणीतरी द्यायलाच हवेत, आणि हे काम त्यांना नीट शिकवायलाही हवं. बहुतेक ठिकाणी अशा मदतनीस ते कामावरच, बघून बघून शिकतात.

कोविड ओसरला म्हणून यातलं काही सोडता येत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर सात दिवस टिकू शकतो. म्हणून मी आजही दवाखान्यात गेले की पाउच माझ्यासमोर फोडायला सांगते. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.