लोखंडी सांगाडा – भाग ५ : सांधा

मावळातल्या बेगडेवाडी स्टेशनवर उतरून कुंडमळ्याकडे निघणाऱ्यांची गर्दी पावसाळ्यात वाढते. १५ जून २०२५ च्या रविवारी तिथला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट नदीत कोसळला. चार जण गेले, पन्नासाहून अधिक जखमी झाले. तो पूल होता, इमारत नव्हे. पण पूल असो, शेड असो की मजली इमारत, लोखंडी बांधकामात एका तुकड्याचा भार दुसऱ्याकडे जातो तो सांध्यातून, आणि मावळातला पाऊस मुरतो तोही सांध्यातच. म्हणून या आठवड्यात फक्त सांधा.

गेल्या भागातले बीम आणि कॉलम कारखान्यातून तपासून येतात. भोक मात्र फॅब्रिकेटर पाडतो आणि बोल्ट साइटवर आवळला जातो. २० मिलिमीटरच्या बोल्टला भोक २२ चं. दोन भोकांच्या मध्यांत किमान ५० मिलिमीटर अंतर, आणि भोकाच्या मध्यापासून मशीनने कापलेल्या कडेपर्यंत किमान ३३. हे आकडे आयएस ८०० या भारतीय मानकातले. भोक कडेला सरकलं की बोल्ट शाबूत राहतो आणि प्लेटच फाटते. प्लेटा एकमेकींवरून सरकू पाहतात तेव्हा ४.६ ग्रेडचा असा एक साधा बोल्ट साडेचार टनांच्या आसपास भार पेलतो, डोक्यावर ८.८ लिहिलेला त्याच्या दुप्पट.

आता उभारणीचा दिवस. भोकं जुळत नाहीत, क्रेनचं भाडं चढतंय, मग गॅस कटर वर जातो. भोक लांबट होतं, त्याची कड वेडीवाकडी होते आणि वरून मोठा वॉशर बसतो. खालून पाहणाऱ्याला बोल्ट जागेवर दिसतो. शेड बांधून घेणाऱ्याने शेवटचा हप्ता देण्याआधी शिडी लावून हे पाहिलंच पाहिजे. जुळत नसलेलं भोक रीमरने साफ करता येतं, फारच चुकलं असेल तर प्लेट नवी करावी लागते. त्यात एक दिवस जातो, जाऊ द्यावा.

सांधा कुठे जोडलाय यावर सांगाड्याचं वागणं ठरतं. बीमचा फक्त मधला उभा भाग, म्हणजे वेब, अँगल लावून कॉलमला जोडला तर बीमचं टोक थोडं वळू शकतं. उभा भार पोचतो, वाकवणारा जोर पोचत नाही. म्हणून वारा अडवायला तिरपं ब्रेसिंग लागतं. तळेगाव-चाकणच्या मोठ्या शेडमध्ये खांब आणि राफ्टर भेटतात तो कोपरा मुद्दाम रुंद केलेला असतो, जाड एंड प्लेटा बोल्टांनी आवळलेल्या असतात. तो कोपरा वळत नाही. पण हे बळ शेडच्या रुंदीच्या दिशेने. लांबीच्या दिशेने ब्रेसिंगच राखतं. ट्रक आत घ्यायला अडतो म्हणून ते कापणं म्हणजे शेड वाऱ्याच्या हवाली करणं.

सांध्यातला लहानसा बदल किती महागात पडतो, हे १९८१ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात दिसलं. एकाखाली एक टांगलेले दोन सज्जे एकाच लांब सळईवर पेलायचे होते. काम सोपं व्हावं म्हणून सळईचे दोन तुकडे केले. खालचा सज्जा वरच्याच्या बीमला लटकला आणि त्या बीमखालच्या नटवर जवळपास दुप्पट भार आला. ११४ माणसं मेली. सळई तुटली नव्हती, सांधा फाटला होता.

आपल्याकडे शत्रू पाऊस. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन प्लेटांच्या फटीत धरला की त्यांना फाकवतो आणि बोल्टला ओढ बसते. खांबाच्या तळाची बेस प्लेट जमिनीच्या पातळीवर असेल तर चिखल तिथेच बसतो. ती कोब्याच्या वर उचलून घ्यावी, खालचं ग्राउट बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवावं आणि मे महिन्यात तारेच्या ब्रशने घासून, गंज काढून मगच रेड ऑक्साइड मारावा. गंजावर मारलेला रंग पहिल्या पावसात पापुद्र्यासारखा सुटतो.

पुढच्या आठवड्यात वेल्डिंग : चांगला टाका आणि नुसता चिकटवलेला टाका डोळ्यांनी कसा ओळखायचा.