पंपावरचे सिमकार्ड आणि ‘ओके’चा अर्थ

मंडळी, आजच्या विषयाची पाटी वाचून काहींनी आयोजकांकडे चौकशी केली म्हणे, की सर तर तत्त्वज्ञान शिकवायचे, हे मॉडेम मध्येच कुठून आले? शंका रास्त आहे. आम्ही आयुष्यभर न्यायदर्शन आणि ज्ञानमीमांसा शिकवली. सोल्डरिंग हाती घेतले ते सत्तरी ओलांडल्यावर, आणि तेही गरजेपोटी.

गावाकडे आमच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे. शेतीची लाईट पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बांधावरून चालत जाऊन मोटर सुरू करायची. हे काम आमचे वाटेकरी करतात. सगळा गाव त्यांना मामा म्हणतो, आम्हीही म्हणतो. वय आमच्याच आसपास. त्या वाटेवर पावसाळ्यात साप निघतात. तेव्हा मोटर फोनवरून सुरू करायची असे ठरले. तयार मोबाइल स्टार्टर बाजारात मिळतात, ते आम्हाला ठाऊक आहे. पण शेजारच्या डिप्लोमाच्या मुलाला प्रोजेक्ट हवा होता आणि आम्हाला खाज होती, असं समजा.

टेबलावर दोन वस्तू दिसताहेत. निळी मोठी पाटी म्हणजे आर्डुइनो उनो. ही इटलीतल्या इव्रेआ गावी २००५ साली सुरू झालेल्या कुटुंबातली. दुसरी पोस्टाच्या तिकिटाएवढी, ते सिम८००एल नावाचे मॉड्यूल. त्यात सिमकार्ड बसते आणि ते टूजी नेटवर्कवर कॉल आणि एसएमएस करते. म्हणजे पडदा, बटणे आणि बॅटरी काढून घेतलेला फोनच म्हणा ना.

आता जोडणी. नेटवर बघाल तर चार वायरींचे चित्र मिळेल आणि वाटेल, एवढंच? आम्हालाही तसंच वाटलं होतं. आम्ही मॉड्यूलची वीज थेट उनोच्या पाच व्होल्टच्या पिनवरून घेतली. पहिले मॉड्यूल त्यातच गेले. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात, ४ च्या आसपास सर्वांत बरे. पाच व्होल्ट म्हणजे जास्तच झाले. दुसऱ्या मॉड्यूलला मग कन्व्हर्टर लावून बरोबर चार व्होल्ट दिले, पण वीज मात्र उनोमधूनच. आता दिवा लुकलुकायचा, सात-आठ वेळा, मग बंद, मग पुन्हा पहिल्यापासून. तो मुलगा म्हणाला, “आजोबा, नेटवर्क शोधतंय.” आम्ही अर्धा तास वाट पाहिली. ते शोधत नव्हते, मरून पुन्हा जन्म घेत होते.

इथे थोडे थांबू, कारण खरी गंमत इथेच आहे. आम्ही मल्टिमीटर लावला. प्रवाह दिसला सुमारे पाव अँपिअर. उनोला यूएसबीतून अर्ध्या अँपिअरपर्यंत मिळते, त्यापुढे तिचा फ्यूज अडवतो. म्हणजे हिशेब बसत होता, तरी यंत्र बंद पडत होते. चूक मीटरची नव्हती, आमच्या प्रश्नाची होती. टूजीमध्ये एका वाहिनीवर आठ जण पाळीपाळीने बोलतात. ४.६१५ मिलिसेकंदांचे एक चक्र, त्याचे आठ वाटे, आणि आपल्या वाट्याला ०.५७७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात मॉड्यूल पूर्ण ताकदीने ओरडते आणि तेव्हा त्याला दोन अँपिअरपर्यंत प्रवाह लागतो. उरलेले सात वाटे ते जवळजवळ गप्प. दोन भागिले आठ, पाव अँपिअर! मीटरने सरासरी सांगितली आणि सरासरी खरीच होती. पण त्या अर्ध्या मिलिसेकंदात व्होल्टेज ३.४ च्या खाली घसरत होते, आणि मॉड्यूल सरासरीवर जगत नाही.

हे चक्र तुम्ही कानांनी ऐकले आहे बरं का. जुना मोबाइल रेडिओजवळ ठेवला की फोन वाजण्याआधी टर्र टर्र व्हायचे, आठवतंय? सेकंदाला सुमारे २१७ वेळा येणारा तोच झटका.

उपाय म्हणून लोक सांगतात, मोठा कपॅसिटर लावा. लावाच, १००० मायक्रोफॅरडचा, मॉड्यूलच्या पायांना चिकटून. पण गणित करून बघा. सगळा भार एकट्या कपॅसिटरवर पडला तर त्या एका झटक्यात व्होल्टेज सव्वा व्होल्टच्या आसपास उतरेल. म्हणजे त्याला मागून भक्कम आधार हवाच. आम्ही बारा व्होल्टचा अॅडॉप्टर घेतला, पुढे एलएम२५९६चा कन्व्हर्टर चार व्होल्टवर नेमून लावला आणि वायरी जाड व आखूड ठेवल्या. प्रयोगाला ब्रेडबोर्डच्या बारीक वायरी वापराल तर तिथेच व्होल्टेज हरवेल. लिथियमचा एक सेलही चालतो, त्याचे व्होल्टेज आपसूकच त्या मर्यादेत असते. आणि उनोचे ग्राउंड व मॉड्यूलचे ग्राउंड एकमेकांना जोडायला विसरू नका. व्होल्टेज म्हणजे दोन बिंदूंतला फरक. दोघांचा शून्य एकच नसेल तर एकाचे ‘हो’ दुसऱ्याला काहीही ऐकू येईल.

बोलण्याच्या वायरी दोन. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाला, म्हणजे टीएक्स आरएक्सला, उलटसुलट. उनो पाच व्होल्टच्या पातळीवर बोलते, मॉड्यूल २.८ च्या. म्हणून उनोकडून जाणाऱ्या वायरीवर दोन रेझिस्टर घालायचे, एक दहा किलोओहमचा आणि दुसरा, ग्राउंडकडे जाणारा, वीसचा. पाचाचे ३.३ होतात. तेही २.८ च्या थोडे वरच, पण आमच्याकडे चालले. दीर्घ मुदतीच्या कामाला लेव्हल कन्व्हर्टर घ्यावा. उलट दिशेला लोक वायर सरळच जोडतात. आता गंमत बघा. उनोच्या चिपची माहितीपत्रिका म्हणते, पाच व्होल्टवर चालताना तीनच्या वरचे व्होल्टेज ‘एक’ म्हणून ओळखण्याची हमी. मॉड्यूल देते २.८. म्हणजे हमीत बसत नाही, तरी बहुतेक वेळा चालते. टेबलावर चालते म्हणून विहिरीवर, मे महिन्याच्या पत्र्याच्या पेटीत चालेलच असे नाही. आम्ही तिथे कन्व्हर्टर लावला.

उनोला खरा सीरियल मार्ग एकच, आणि तो संगणकाशी बोलण्यात गुंतलेला. म्हणून सॉफ्टवेअर सीरियल वापरून सात आणि आठ नंबरच्या पिनांवर ९६०० चा वेग ठेवला. मॉड्यूल आपला वेग तुमच्या पहिल्या अक्षरांवरून ओळखते, त्यामुळे पहिल्या हाकेला उत्तर नाही आले तर घाबरू नका. दोन-तीनदा हाक मारा.

हाक कोणती? एटी. अटेन्शन या शब्दाची पहिली दोन अक्षरे. अमेरिकेत १९८१ साली हेज यांच्या स्मार्टमोडेमबरोबर ही भाषा आली, टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या मॉडेमसाठी. तार गेली, भाषा राहिली. आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करायच्या. एटी म्हटले की उत्तर येते, ओके.

आता आमच्या मूळ धंद्याकडे येऊ. न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हे प्रमाण मानले आहे, पण ते आप्ताच्या शब्दाला. ज्याला गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मॉड्यूल खोटे बोलत नाही, ही दुसरी अट पूर्ण. पण त्याला ठाऊक किती आहे? एटीला दिलेल्या ओकेचा अर्थ एवढाच, की मी जिवंत आहे आणि वायर ठीक आहे. सिमबद्दल तो अवाक्षर सांगत नाही. ते सीपीआयएन विचारल्यावर कळते, उत्तर रेडी यायला हवे. सीएसक्यू विचारले तर ० ते ३१ मधला आकडा येतो, तो सिग्नलचा. ९९ आला तर त्यालाच माहीत नाही. टॉवरने आपल्याला ओळखले का, हे सीआरईजी सांगते. शून्य-एक म्हणजे आपल्या घरच्या नेटवर्कवर नोंद झाली, शून्य-पाच म्हणजे रोमिंग, शून्य-दोन म्हणजे शोध चालू.

एसएमएस पाठवताना सीएमजीएस आज्ञा द्यायची, मोठ्या-पेक्षाची खूण यायची वाट बघायची, मजकूर लिहायचा आणि शेवटी २६ क्रमांकाचे अदृश्य अक्षर. मग येते ओके. हा ओके म्हणजे कंपनीच्या संदेशकेंद्राने पत्र पेटीत घेतले. तुमच्या मुलाच्या फोनवर पोहोचले असे नव्हे. रजिस्टर पत्राची पोच असते ना, तशी इथेही मागता येते, पण वेगळी आज्ञा देऊन. आपणहून कोणी देत नाही.

मराठीत संदेश हवा असेल तर युनिकोडची रीत वापरावी लागते. प्रत्येक खुणेचा चार अंकी क्रमांक पाठवायचा. म चा क्रमांक ०९२ई. ‘मोटर’ शब्दात तीन अक्षरे दिसतात, पाठवावे लागतात चार क्रमांक, कारण मात्रा वेगळी मोजली जाते. आणि १६० ऐवजी ७० खुणांतच एक संदेश संपतो. मामांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून ही खटपट केली.

यंत्र बसले, तीन आठवडे छान चालले. ‘सुरू’ असा एसएमएस टाकला की उनो रिले ओढायची, स्टार्टर धरायचा. स्टार्टरचे काम वायरमनकडून करून घेतले, तिथे हौस चालत नाही. मग एका संध्याकाळी सहाच्या सुमारास आम्ही घरून एसएमएस टाकला. मोटर लागली नाही. गावात लाईट गेली, टॉवरही गेला, असे नंतर कळले. आम्ही विषय सोडून दिला. लाईट आली तेव्हा मामा विहिरीवर होते. मोटर बंद आहे हे बघून ते ग्लँडची दोरी बदलायला बसले. मेन स्विच पाडला नव्हता. टॉवर जिवंत झाला, संदेशकेंद्राने जपून ठेवलेले आमचे पत्र चाळीस मिनिटांनी इमानदारीने पोहोचवले, आणि मोटर फिरली.

मामांचा हात सुटला. पंचाची ओलीवर ठेवला होता तो पंचा शाफ्टने ओढून नेला. रात्री फोनवर ते एवढेच म्हणाले, “सर, तुम्ही मघाशी कशाला सुरू केली?” आम्ही ‘मघाशी’ केली नव्हती. पण यंत्राला हे कोण सांगणार?

प्रत्येक शब्द खरा होता, बघा. आम्ही ‘सुरू’ म्हणालो होतो. केंद्राने तेच पोहोचवले. उनोने तेच केले. फक्त ते आता म्हटलेले नव्हते. आज्ञेच्या अर्थात तिची वेळही असते, हे आम्ही वर्गात किती वेळा शिकवले असेल! प्रोग्राममध्ये घातले नव्हते.

वेळ तर समोरच होती. आलेल्या प्रत्येक एसएमएसच्या डोक्यावर केंद्राचा शिक्का असतो, तारीख, तास, मिनिट, सेकंद आणि शेवटी अधिक २२. हा २२ म्हणजे पाव तास मोजलेत, साडेपाच तास, आपली भारतीय वेळ. आता उनो तो शिक्का मॉड्यूलच्या घड्याळाशी ताडते आणि दोन मिनिटांहून जुनी आज्ञा फेकून देते. घड्याळच लागलेले नसेल तर कोणतीही आज्ञा मानत नाही.

पण खरा बदल त्या मुलाने सुचवला. म्हणाला, “आजोबा, एसएमएस कशाला? मिस्ड कॉल द्या.” किती साधे! कॉल साठवून ठेवता येत नाही, लागला तर आत्ता, नाहीतर नाहीच. सीएलआयपी चालू केले की घंटेबरोबर नंबर येतो. तो यादीतला असेल तर कॉल तोडायचा आणि रिले ओढायचा. पैसाही पडत नाही. आता आज्ञा कॉलने जाते, उत्तर एसएमएसने येते. आणि ‘मोटर सुरू’ हे उत्तर रिले ओढल्यावर जात नाही, मोटरच्या वायरीत प्रवाह खरोखर दिसला तरच जाते. पेटीवर एक लाल कुलूपस्विचही बसवला. त्याची किल्ली मामांच्या करगोट्याला असते. ती फिरवली की फोनवरून कोणी काहीही म्हणो, रिलेची वायरच तुटलेली.

मागून एक प्रश्न आलाय, जिओचे सिम चालेल का? नाही. त्यांच्याकडे टूजी कधी नव्हतेच, २०१६ साली सुरुवातच फोरजीने झाली. या मॉड्यूलला टूजी देणाऱ्या कंपनीचे सिम हवे, आणि घेण्याआधी ते विहिरीपाशी साध्या फोनमध्ये घालून बघा, घरी नव्हे. आज नव्याने सुरुवात करत असाल तर फोरजीचे मॉड्यूल घ्या. आज्ञा बऱ्याचशा याच आहेत, व्होल्टेजचे आकडे मात्र त्या-त्या पत्रिकेत बघा.

आता ज्यांना मिस्ड कॉल देऊन बघायचा आहे त्यांनी पुढे या, नंबर फळ्यावर लिहितो. यादीची अट आज काढून ठेवली आहे. रिलेला मोटर नाही, बल्ब जोडला आहे.