जळालेली फिएरो घरी दुरुस्त करताना

१९८४ साली अमेरिकेत आलेल्या पॉन्टिॲक फिएरो या दोन आसनी गाडीचं इंजिन सीटच्या मागे होतं. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं, की तेल तापलेल्या एक्झॉस्टवर सांडून भडका उडे. बाहेरची प्लास्टिकची पॅनेलं पोलादी सांगाड्यावर बोल्टने बसवलेली असल्यामुळे ती सुटी बदलता येतात. खरा प्रश्न सांगाड्याचा.

आग किती भडकली, हे वितळलेले भाग सांगतात. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. त्याचे ओघळ दिसले, तर आसपासचं पोलादही चांगलंच तापलं असणार. तिथे कर्णांची मापं घेऊन वाक तपासावा; वाकलं असेल तर वेल्डिंग जाणकाराकडूनच करून घ्यावं.

काळ्या, चिकट झालेल्या ऑइल सीलना उघडा हात लावू नये. फ्लोरिनयुक्त रबर जळालं की कातडीतून हाडापर्यंत पोहोचणारं हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होऊ शकतं. अग्निशामकाची पावडर ओल धरून धातू गंजवते, म्हणून ती लगेच साफ करावी.

वायरिंगला टेप गुंडाळून भागवू नये. आगीत सापडलेला हार्नेस आणि पेट्रोल-ब्रेकचे होज सरसकट नवे घालावेत.