करार ब्रिटनशी, फायदा कोल्हापूरला किती?

24 जुलै 2025 रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. बातम्यांत मोठमोठे आकडे आले. दहावीच्या मुलांनी आम्हाला सरळ विचारलं, ‘यात आमच्या गावाला काय मिळणार?’ प्रश्न रास्त आहे. आपल्या कोल्हापुरी चपलेवरूनच हा हिशेब समजून घेऊ.

परदेशी माल देशात येताना सरकार जो कर घेतं, त्याला आयात शुल्क म्हणतात. ब्रिटनमध्ये चामड्याच्या पादत्राणांवर हे शुल्क 16 टक्क्यांपर्यंत होतं. करारात ते शून्य करायचं ठरलं. समजा, 1,000 रुपयांचा चपलांचा जोड तिथे पोहोचला. 16 टक्के शुल्क लागलं की तो 1,160 रुपयांना पडतो. शुल्क गेलं की 160 रुपये वाचतात.

पण हे 160 रुपये कोणाचे? तिथला व्यापारी स्वतःकडे ठेवेल, गिऱ्हाईकाला स्वस्त देईल किंवा इथला निर्यातदार भाव वाढवून घेईल. कारागिराच्या हातात आपोआप काहीच पडत नाही. मागणी वाढली तर काम वाढतं, हे खरं. मजुरी वाढायची तर मात्र कारागिराला एकाच दलालावर अवलंबून राहून चालत नाही.

शेजारच्या बांगलादेशकडे बघा. युरोपीय संघाने त्यांच्या मालाला शुल्कमुक्त प्रवेश दिला. तयार कपड्यांचे कारखाने वाढले, लाखो स्त्रियांच्या हाताला काम मिळालं. पण आज त्या देशाची 80 टक्क्यांहून जास्त निर्यात एकट्या कपड्यांची आहे. आणि 2013 मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा इमारत कोसळली, त्यात 1,100 हून अधिक जीव गेले. निर्यातीचा आकडा वाढला म्हणजे कामगाराचं भलं झालंच, असं नाही.

एकाच बाजारावर भिस्त ठेवणंही धोक्याचं. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावरचं जादा शुल्क 50 टक्क्यांवर नेलं, तेव्हा फक्त तिथेच माल पाठवणारे अडचणीत आले. म्हणून अनेक देशांशी करार हवेत. संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा आपला करार 1 मे 2022 पासून लागू आहे. आखातात आपल्या घराघरातली माणसं आहेत. तिथला बाजार आपल्याला परका नाही.

नावालाही किंमत असते. जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल नाव न घेता दाखवली, तेव्हा इथून आवाज उठला आणि कंपनीला मूळ कबूल करावं लागलं. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून आपल्या बोलण्यात वजन होतं. हे मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी 4 जिल्ह्यांना मिळून आहे.

मग करायचं काय? चप्पल बनवणाऱ्याने मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी. निर्यात करायची असेल तर आयात-निर्यात कोड काढावा. पॅन कार्डावर ऑनलाइन मिळतो, फी 500 रुपये. शुल्कात सवलत हवी तर माल भारतातच बनल्याचा दाखला लागतो, म्हणून कच्च्या मालाची बिलं जपून ठेवावीत. एकट्याला जमत नसेल तर दहा-बारा कारागिरांनी गट करावा. घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर हे कागदाचं काम त्यांच्याकडे द्या. तेवढं झालं, तर त्या 160 रुपयांतले काही तरी आपल्या दारात येतील.