नागिणीचा माग काढणारा डॉक्टर

कमरेच्या एका बाजूला पाणीदार फोडांचा पट्टा उठला आणि आगआग व्हायला लागली, की घरातलं वडीलधारं माणूस आधी विचारतं, ‘तोंड-शेपूट जुळलं नाही ना?’ नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस दगावतो, ही समजूत खेड्यात भेटते तशी ठाण्यातल्या कळव्याच्या टॉवरमध्येही. खरं तर हा पट्टा शरीराची मधली रेघ सहसा ओलांडतच नाही, कारण कण्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या प्रत्येक जोडीतला एकेक तंतू आपापली बाजू सांभाळतो. विषाणू जागा होतो तो त्यातल्या एकाच बाजूच्या तंतूत.

हा विषाणू कांजिण्यांचा. हर्पीस कुळातला. लहानपणी कांजिण्या बऱ्या होतात, विषाणू मात्र शरीर सोडत नाही. हे कोडं उलगडण्यात मोठा वाटा होता तो इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर गावच्या एका साध्या फॅमिली डॉक्टरचा.

एडगर होप-सिम्पसन (1908–2003) यांच्या दवाखान्याशी बांधलेले लोक होते जेमतेम साडेतीन हजार. खोकला, ताप, बाळंतपणं सांभाळताना ते प्रत्येक नागिणीची नोंद ठेवत गेले. 16 वर्षांत 192 रुग्ण. कांजिण्या लाटेसारख्या यायच्या, गावभर पसरायच्या आणि ओसरायच्या. नागीण मात्र वर्षभर कुठेही, कुणालाही, एकेकट्याला व्हायची. ती दुसऱ्याकडून लागत असती, तर तिच्याही साथी आल्या असत्या. शेटलंडमधल्या येल या बेटावर जाऊनही त्यांनी हेच तपासलं. आसपास कांजिण्या नसताना तिथे नागीण होत होती. वय वाढेल तसं प्रमाण चढत जातं, हेही त्यांच्या वहीनं दाखवलं. 85 वर्षांपर्यंत जगणाऱ्यांपैकी निम्म्यांना ती एकदा तरी गाठते, असा त्यांचा हिशेब होता.

1965 साली त्यांनी निष्कर्ष मांडला. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींत लपून बसतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की त्याच तंतूच्या वाटेनं त्वचेवर येतो. पक्का पुरावा मिळायला 1984 उजाडलं. एकाच रुग्णाच्या कांजिण्यांतला आणि नंतरच्या नागिणीतला विषाणू डीएनए तपासणीत सारखाच निघाला.

याच माणसानं पुढे फ्लूच्या प्रसाराबद्दल मांडलेला सिद्धान्त मात्र शास्त्रज्ञांच्या गळी उतरला नाही. चिकाटी तीच होती. प्रत्येक वेळी ती फळतेच असं नाही.

नागिणीवरच्या औषधाची गोष्ट अमेरिकेतली. गर्ट्रूड एलियन यांच्या चमूनं असायक्लोव्हिर घडवलं. 1988 च्या नोबेलमध्ये एलियन यांचा वाटा होता. या औषधाची खुबी अशी, की ते निरोगी पेशीत जवळजवळ निष्क्रिय राहतं. विषाणूचं स्वतःचं थायमिडीन कायनेज नावाचं विकर त्याला चेतवतं आणि मग ते विषाणूच्याच डीएनएची वाढ रोखतं. चोराच्या किल्लीनं चोरालाच कोंडायचं!

हीच युक्ती कॅन्सरवर चालेल का, यावर कळव्यापासून फार दूर नाही अशा ठिकाणी काम झालं. ठाणे-बेलापूर रस्त्यानं बेलापूर ओलांडलं की खारघर. तिथल्या टाटा मेमोरियलच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत डॉ. रीटा मुल्हेरकर यांनी डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी जनुकोपचारावर संशोधन केलं. हर्पीसचं ते विकर बनवणारं जनुक कॅन्सरच्या पेशीत सोडायचं आणि मग असायक्लोव्हिरच्याच घराण्यातलं गॅन्सिक्लोव्हिर द्यायचं, म्हणजे ती पेशी स्वतःच औषधाचं विष बनवते, असा हा विचार. तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर बोकाळलेल्या आपल्या देशात ही दिशा महत्त्वाचीच.

नागीण मात्र अजूनही गेरू लावून, मंत्र टाकून ‘उतरवली’ जाते. दोन-चार आठवड्यांत फोड आपसूक सुकतात, त्यामुळे श्रेय मांत्रिकाच्या पदरात पडतं. फोड गेल्यावरही महिनोन्‌महिने टिकणारी ठणक मात्र रुग्णाच्या वाट्याला येते. पट्टा डोळ्याजवळ उठला, तर नजरही धोक्यात येते. पन्नाशीनंतर घ्यायची दोन डोसांची लस 2023 पासून भारतातही मिळते, पण ती महाग आहे. असायक्लोव्हिरच्या गोळ्या तशा महाग नाहीत. मात्र त्यांचा खरा उपयोग फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्यास होतो. तेव्हा तोंड-शेपूट मोजत बसू नका. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो की गल्लीतले फॅमिली डॉक्टर, त्याच दिवशी जाऊन दाखवा.