दोनच खेपा, पण...



गटाच्या बैठकीत एकीनं आम्हाला विचारलं, "शाळेच्या गाडीवर ड्रायव्हरचं काम मिळण्यासारखं आहे. दोनच खेपा, मधला दिवस मोकळा. शिकू का?" आज त्याचंच बोलू.

बाईला हे जमेल का, हा प्रश्न आता उरला नाही. जून 2023 मध्ये अर्चना आत्राम यांनी सासवड ते नीरा एसटी चालवली. खरा प्रश्न कागदांचा आणि वेळेचा आहे.

आधी लायसन. शिकाऊ लायसन मिळाल्यावर 30 दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. मोठ्या बससाठी मात्र वय 20 पूर्ण हवं, हलक्या गाडीचं लायसन किमान 1 वर्ष जुनं हवं आणि डॉक्टरांचा दाखला हवा. शिवाय अनुभव विचारतात. म्हणून सुरुवात छोट्या व्हॅनपासून केलेली बरी. बॅजची चौकशी आरटीओ ऑफिसात करा.

मग वेळ. शाळा सातची असेल तर पहिलं पोर सहालाच घ्यावं लागतं. मग धार कोण काढणार, डेअरीला दूध कोण घालणार? हे घरात आधी ठरवा. नाहीतर इकडं पगार सुरू होतो आणि तिकडं म्हैस आटते.

पगाराचं लिहून घ्या. मे महिन्याच्या सुट्टीत पैसे मिळणार का? पुरात शाळा बंद राहिली तर? गाडीचा विमा, परवाना, फिटनेस स्वतः बघा. अपघात झाला की पहिलं नाव ड्रायव्हरचं येतं.

राज्यात 2011 पासून स्कूल बसचे वेगळे नियम आहेत. मुलींसाठी बाई मदतनीस त्यात सांगितली आहे. ती मागून घ्या. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायची घाई नको. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं तर अंदाजानं गाडी घालू नका. मालक चिडला तरी मागं फिरा. खेप संपली की शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघा. एखादं पोर झोपलेलं असतं.

त्या मैत्रिणीनं सकाळची धार सासूबाईंकडं दिली. सुट्टीच्या पगाराचं लिहून द्यायला मालक अजून तयार नाही. शिकाऊ लायसनचा फॉर्म मात्र तिनं भरलाय.